अहवालातला शेवटचा रकाना

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. कॉलेजच्या वार्षिक अहवालासाठी विधी सहाय्य कक्षाचा, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत करणाऱ्या तुमच्या कक्षाचा, अर्धा पान मजकूर शुक्रवारपर्यंत द्यायचाय आणि कक्षाने मदत केलेली म्हणून दाखवायला तुझ्याकडे अकराच माणसं आहेत. गेल्या वर्षी याच कक्षाच्या नावापुढे ‘शेकडो लाभार्थी’ छापलं होतं. शेजारच्या पानावर मूट कोर्टच्या, म्हणजे अभिरूप न्यायालय स्पर्धांच्या, ढाली, त्याच्या पुढच्या पानावर प्लेसमेंट. तू विचारतेस, ‘मॅडम, अकराच लिहू, की शिबिरांची हजेरी मिळवून आकडा जरा बरा करू?’ आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, तीन वर्षं वाया गेली का, तेही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. आकडा फुगवू नकोस हेही सांगत बसत नाही. फुगवणारी असतीस तर मला विचारलंच नसतंस. माझं भांडण वेगळंच आहे. मला तुझे हे अकराही अजून मान्य नाहीत.

रागावलीस? मग तूच पाठवलेला तक्ता पुन्हा उघड. अकरापैकी सात ओळींच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘अर्ज सादर केला’. बरं. पुढे काय झालं?

तिसरी ओळ घे. विधवा बाई, नवऱ्याच्या जमिनीवर वारस नोंद, तलाठ्याकडे अर्ज. आवक क्रमांकही तू टाकलायस, तेवढं शिकवलेलं फुकट गेलं नाही म्हणायचं. पण फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला का? संबंधितांना नोटिसा निघाल्या का? दिराने हरकत घेतली का? मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला का? सातबारावर तिचं नाव चढलं का? यातलं एकही तुला सांगता येत नसेल तर त्या बाईचं काम झालेलं नाही, एक कागद टेबलावरून टेबलावर गेला एवढंच झालं. अहवालात ती ‘लाभार्थी’ म्हणून जाणार. कसला लाभ?

आता आठवी. तिथं तू हिरव्या शाईने ‘जामीन मंजूर’ लिहिलंयस, म्हणून मुद्दाम घेते. कच्चा कैदी, चोरीचा आरोप, पहिलाच गुन्हा. चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, हा वर्षाच्या वर आत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम ४७९ तू बरोबर शोधलंस. आधी कधीच दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटका, बाकीच्यांना निम्मा काळ. दुसरा खटला प्रलंबित असला की पोटकलम २ आडवं येतं, तेही तू तपासलंस. लोक अभिरक्षकांकडून, म्हणजे गरीब आरोपींसाठी विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलांकडून, अर्ज करवलास, कारण तुला सनद नाही आणि तू कोर्टात उभी राहू शकत नाहीस. सगळं चोख. मग सांग, तो बाहेर आला का?

तुला माहीत नाही. मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण मला वास येतो. जामीन मंजूर होणं आणि तुरुंगाचं दार उघडणं यांच्यामध्ये जामीनदार नावाचा माणूस असतो आणि गरिबाकडे नेमका तोच नसतो. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जायला हवी. जामिनाची तारीख तुरुंगाच्या संगणक प्रणालीत नोंदायची. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. या सगळ्याचा अर्थ काय? देशाच्या सर्वोच्च न्यायालयालासुद्धा आपल्याच आदेशापुढे एक रकाना आखावा लागला: पुढे काय झालं? आणि तुम्हा लोकांना तो नको असतो, कारण तो भरायला पुन्हा चकरा माराव्या लागतात.

होस्कोटचा निकाल तू परीक्षेपुरता वाचला असशील. कैद्याला मोफत वकील, अनुच्छेद २१ आणि ३९अ, १९७८, न्या. कृष्णा अय्यर, संपलं. त्यातलं माझ्या आवडीचं वाक्य कोणी पाठ करत नाही. हा होस्कोट म्हणजे काही दीनदुबळा नव्हे, विद्यापीठात शिकवणारा माणूस. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या नावाचा बनावट शिक्का करून घ्यायच्या प्रकरणात अडकलेला. सत्र न्यायालयाने एक दिवसाची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात तो आला चार वर्षांहून जास्त उशिराने आणि कारण सांगितलं की निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही. प्रत तुरुंगाकडे गेली होती, ती कैद्याच्या हातात पडल्याची पोच मात्र नव्हती. कागदावर पाहशील तर काम झालेलं. शेवटी न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली, पण जाता जाता सांगून ठेवलं की प्रत तुरुंगाकडे पाठवली तर संबंधित अधिकाऱ्याने ती कैद्यापर्यंत पोचवावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. लेखी पोच! मोठमोठ्या तत्त्वांच्या निकालात ही कारकुनी ओळ आहे आणि मी तिच्यावर आयुष्यभर शिकवलं. वर्गातल्या मुलांना कंटाळा यायचा. येऊ दे.

कक्षाचं रजिस्टर मी आखलं तेव्हा त्यात शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवला होता. तारीख, नाव, काम, कार्यालय, आवक क्रमांक, पुढची तारीख आणि मग अर्धं पान मोकळं. मुलं म्हणायची, मॅडम, एवढी जागा कशाला? कारण खरं काम तिथंच होतं. पहिल्या चकरेला साहेब मीटिंगला गेलेले, दुसऱ्या चकरेला अर्ज सापडत नाही, तिसऱ्यांदा आवक नोंद दाखवली की सापडतो. हे सगळं तारखेनिशी लिहायचं. काही पानं अशी होती की अर्ज डाव्या कोपऱ्यात दोन ओळींत आणि त्याची गोष्ट उजवीकडे खालपर्यंत, मग चिकटवलेल्या कागदावर. तुम्हाला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले बघून डायरी लिहावी लागते. तीस गुण त्याला. त्या डायरीतही मी हाच रकाना घालायला लावला. साक्षीदाराची उलटतपासणी बघितलीस, छान, निकाल काय लागला ते लिहून आण. ‘मॅडम, सेमिस्टर संपलं.’ सेमिस्टर तुझं संपलं. खटला चालूच आहे.

यावरून माझं अनेकांशी बिनसलं. एका वर्षी अहवाल समितीने तो रकाना छापताना गाळला. जागा नाही म्हणाले. त्याच अहवालात पाहुण्यांच्या सत्काराच्या फोटोंना दोन पानं होती. मी विरोधाचं पत्र दिलं, त्याची पोच घेतली (हसू नकोस) आणि पुढच्या वर्षी कक्षाचा मजकूरच दिला नाही. त्या वर्षीच्या अहवालात आमचा कक्ष नाही. प्राचार्य म्हणाले, बाईंच्या हट्टापायी कॉलेजचं नुकसान झालं. असेल झालं. ज्या माणसांची कामं अडली होती त्यांना अहवालात छापून यायची काही घाई नव्हती. आज विचारशील तरी मी तेच करीन. मला खंत आहे ती एवढीच की मी निवृत्त झाल्यावर ते रजिस्टर कोणी पुढे चालवलं नाही. त्यात कितीतरी ओळी मोकळ्या होत्या. त्या माणसांचं पुढे काय झालं हे मला आता कधीच कळणार नाही आणि ते मला अजून टोचतं. तुझा तक्ता बघून एवढी चिडले, त्यात याचाही वाटा आहे. घे समजून.

आता मूटवाल्यांबद्दल. तुझ्या मेलमध्ये त्यांच्यावर दोन तिरकस वाक्यं आहेत, ती खोड. रात्र रात्र जागून लेखी युक्तिवाद लिहिणाऱ्या मुलांची थट्टा करायचा अधिकार तुला कोणी दिला? चांगला मूटर खंडपीठाच्या आडव्या प्रश्नाला कसा उभा राहतो ते बघ, शीक. त्यांनाही विचारायचं ते हेच. ढाल मिळाली, पुढे काय झालं? ते लेखी युक्तिवाद ग्रंथालयात जमा झाले का? पुढच्या तुकडीला वाचायला मिळाले का? की ढाल कपाटात आणि युक्तिवाद पास होऊन गेलेल्या कोणाच्या लॅपटॉपमध्ये? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी दुसरंच. म्हणून दर वर्षी नवी मुलं शून्यापासून सुरू करतात आणि दर वर्षीच्या अहवालात त्याला ‘प्रगती’ म्हणतात.

प्लेसमेंटचंही तसंच. नोकरी लागली हे छापतात. दोन वर्षांनी तो मुलगा कुठे आहे, जिल्हा न्यायालयात ज्युनिअरशिप करणाऱ्या मुलीला सीनियर काही देतो की नाही, हे कोण विचारतं? राहू दे, तो विषय काढला तर हे पत्र संपणार नाही.

तू म्हणशील, मॅडम, वर्षाचा अहवाल वर्षाच्या आत संपवावा लागतो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दर वर्षी द्यावा लागतो, २०१८ पासून एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत कायद्याच्या कॉलेजांची वेगळी यादी लागते, तिथं आकडेच चालतात, जिओटॅग केलेला फोटो चालतो, मोकळा रकाना चालत नाही. माहितेय मला. फोटो दे की. बॅनर धरून उभे राहा आणि काढा फोटो, माझी हरकत नाही. पण कायद्यातलं काम मार्चअखेर संपत नाही. एक उदाहरण देते, आपल्याच राज्यातलं.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असा सूर. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. पोलीस चौकीत, रात्री, गणवेशातल्या माणसासमोर एखादी गरीब मुलगी गप्प राहिली तर ती राजी होती असं कसं धरता, एवढाच त्यांचा सवाल. आता तू त्या वर्षाचा अहवाल लिहितेयस असं समज. काय लिहिशील? ‘अध्यापकांनी एक पत्र पाठवलं.’ एक ओळ. आणि पुढे काय झालं? त्या खटल्यात काहीच नाही, निकाल फिरला नाही. पण देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं कोर्टात सांगितलं तर ती नव्हती असं न्यायालयाने गृहीत धरायचं, हे पुरावा कायद्यात आलं. चार वर्षं. १९८० च्या मार्चअखेरीचा हिशेब लावणाऱ्याला त्या पत्राची किंमत शून्य दिसली असती.

मथुरेला स्वतःला मात्र त्यातून काही मिळालं नाही, हेही त्याच रकान्यात लिहायचं. चांगली बातमी आली म्हणून तिची ओळ बंद होत नाही.

तर अर्ध्या पानात काय लिहायचं ते सांगते. पहिली ओळ गेल्या वर्षीची. ‘शेकडो लाभार्थी’ होते ना? त्यांच्यातल्या ज्यांचा पत्ता लागतो त्यांचं काय झालं, ते आधी. कोणाचाच लागत नसेल तर ‘पाठपुरावा उपलब्ध नाही’ असं सरळ लिही. सरांना आवडणार नाही. न आवडू दे. मग तुझे अकरा. ज्यांचं काम तडीला गेलं ते वेगळे, ज्यांचं अडलंय ते वेगळे, आणि कुठे, कोणत्या टेबलाशी अडलंय तेही. शिबिरांची हजेरी शेवटी, हजेरी म्हणूनच. कोणाचंही नाव छापू नकोस, ओळ क्रमांक पुरे. भाषा साधी ठेव. ‘यशस्वीरीत्या संपन्न’ हे दोन शब्द दिसले तर मी मजकूर परत पाठवीन.

शुक्रवारच्या आत दोन गोष्टी कर. लोक अभिरक्षक कार्यालयात जाऊन आठव्या ओळीतला माणूस सुटला का ते विचार. नसेल तर जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचा अर्ज त्यांच्याकडून आजच टाकून घे, फोनवर विसंबू नकोस. आणि तिसऱ्या ओळीच्या बाईला बरोबर घेऊन तलाठी कार्यालयात फेरफार क्रमांक विचार. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणाले तर लेखी मागायचं.

मे महिन्यात तू पास होऊन जाशील. त्याआधी दुसऱ्या वर्षाची दोन मुलं धर. हुशार नकोत, चिवट हवीत. त्यांना तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात ने, तिथल्या लिपिकाशी ओळख करून दे, नवं रजिस्टर आखून त्यांच्या हाती देताना पहिल्या पानावर दोघांच्या सह्या घे. त्यांचे नंबर मला पाठव. ऑगस्टमध्ये मी त्यांना फोन करणार आहे, त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझी,
मॅडम