टर्फ आणि गॅलरी राहू द्या, आधी पाण्याला वाट काढा

खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या फुटबॉल क्लबला लोकवर्गणी जमली आहे, त्यात छोटं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान करावं की मैदानाकडेला गॅलरी बांधावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पैसा मातीत घाला.

टर्फ वाईट नाही. पावसातही चेंडू पळतो, पोरं खूश असतात. पण बेळगावात तासावर भाड्याने मिळणाऱ्या जाळीतल्या टर्फवरच वाढलेला पोरगा अकराच्या सामन्यात उतरला की विंगवरून क्रॉस टाकताना गडबडतो. तेवढं अंतर त्याच्या पायाला ठाऊकच नसतं. शिवाय 8-10 वर्षांत ते अंथरूण बदलावं लागतं. तेव्हा पुन्हा वर्गणी मागत दारोदार कोण फिरणार?

तुमच्याकडे खरी अडचण पावसाची. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तो ज्या जोराने कोसळतो, त्यात सपाट मैदान म्हणजे भाताचा वाफाच. म्हणून एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतचा मधला पट्टा उंच ठेवा आणि दोन्ही बाजूंना उतार द्या. एक टक्का पुरे. मैदान 60 मीटर रुंद असेल तर मध्य कडेपेक्षा 30 सेंटीमीटर वर येतो. खेळताना हा उतार जाणवतही नाही. टेकाडाकडून पाणी येत असेल तर त्या बाजूचा चर सगळ्यात आधी खणा, तळाला जांभ्याचे तुकडे भरा. लेव्हल बघायला गावातली बांध घालणारी जुनी माणसं बोलवा. भातखाचरात पाणी कुठून कुठे जातं हे त्यांना कंत्राटदारापेक्षा जास्त कळतं.

मग वरची चार बोटं माती चाळून खडे काढा, थोडं शेणखत मिसळा. तळ्यातला गाळ फुकट मिळतो म्हणून भरमसाट टाकू नका, पावसात त्याचा राडा होतो. गवत म्हणाल तर आपली हरळी. जुलैत फुटाफुटावर मुळं लावली की पावसाळ्यात पसरते, उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसली तरी पाणी लागताच पुन्हा फुटते. दसऱ्यापर्यंत मात्र त्यावर कुणाला पाय ठेवू देऊ नका. पोरं ऐकणार नाहीत, म्हणून यंदा अर्धं मैदान करा आणि अर्धं पुढच्या वर्षी.

हे सगळं करण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. गायरान असेल तर उतारा काढा, शाळेची असेल तर एसडीएमसीशी, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीशी बोला, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. आमदार-खासदार निधी मागायला गेलात की पहिला प्रश्न जागेच्या कागदाचाच येतो. अर्ज कानडीत लिहून न्या, एक फेरी वाचते. ठरावात यात्रेचे आणि लग्नाच्या मांडवाचे दिवसही लिहून घ्या. मांडवाचे खुंटे आणि बाटल्यांच्या काचा मैदानाचा जीव घेतात. यात्रा बंद करा म्हणून तर कुणी ऐकणार नाही, पण खड्डे बुजवून द्यायचे कुणी हे तरी ठरतं.

गोलपोस्ट दोन आकारांचे करा. 7.32 बाय 2.44 मीटरच्या गोलमध्ये दहा वर्षांचा गोलकीपर उभा केला की वरून गेलेला प्रत्येक चेंडू गोल. बारा वर्षांखालच्यांना सातजणांचा खेळ आणि 4 नंबरचा चेंडू द्या, मैदान आडवं विभागा. लहान गोलांची जागा दर आठवड्याला सरकवा, म्हणजे एकाच ठिकाणी हरळी उखडत नाही. आणि सरकते गोल जमिनीत खिळे ठोकून किंवा मागे वाळूची पोती टाकून बांधाच. पोरं आडव्या पाइपला लोंबकळतात, आणि गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. यात काटकसर नको.

मुलींची टीम टिकत नाही असंही तुम्ही लिहिलंय. तिथे कपडे बदलायला जागा आहे का? दाराला आतून कडी असलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह? गॅलरीच्या पैशातून आधी ते बांधा. सराव अंधार पडायच्या आत संपवा, म्हणजे घरचेही पाठवतील.

पैसे उरले तर गावातल्याच एका मुलाला आणि एका मुलीला एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी लायसन्स या कोचिंगच्या कोर्सला पाठवा. बाहेरचा कोच आठवड्यातून दोनदा येईल आणि पाऊस लागला की येणार नाही.

मैदानाचे चारही बाजूंचे फोटो टाका, शक्यतो पाऊस पडून गेल्यावरचे. चर कुठून काढायचा ते बघून सांगतो.