डोंगर उक्ता देऊ नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनीतलं जंगल ठेकेदाराला द्यायचं घरात ठरतंय, असं तुझ्या पत्रातून कळलं. पैशाची गरज खरी आहे, तेव्हा तोड करूच नकोस असं मी म्हणणार नाही. पण डोंगर उक्ता, म्हणजे झाडं न मोजता सगळाच एकरकमी, देऊ नकोस. उक्त्या सौद्यात मनगटाएवढी किंजळ जाते आणि पऱ्याकाठचा, ओढ्याकाठचा, जुना बेहडाही जातो. मोजून, खुणा केलेली झाडंच वीक.

उताराचे चार तुकडे पाड आणि यंदा एकालाच हात लाव. ऐन, किंजळ खुंटापासून पुन्हा फुटतात, पण घाव कसा बसला यावर सगळं अवलंबून. तो जमिनीलगत हवा, तिरका हवा, साल सोलवटता कामा नये. सपाट खुंटावर पाणी साचून तो कुजतो. गुडघाभर उंच ठेवलास तर धुमारे वरच्या कडेला येतात आणि वाऱ्याने निसटतात. तोडीच्या वेळी तू तिथे उभी राहा, मुकादमावर सोडू नकोस. दुसऱ्या वर्षी खुंटागणिक खालून आलेले दोन-तीन सरळ धुमारे राख, बाकीचं कवळ, म्हणजे डहाळ्या-पाला, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, राबाला जाऊ दे. तोवर तिथे गुरं नकोत. वणव्यासाठी डिसेंबरातच हद्दीवरचं गवत काढून पट्टा मोकळा कर.

पऱ्याच्या दोन्ही अंगांना कोयतासुद्धा लावू देऊ नकोस. उंबर, वड सरपणालाही धड नाहीत म्हणून लोक आधी तेच पाडतात. उन्हाळ्यात पाखरं जगतात ती त्यांच्यावर. आणि त्या बेहड्याची ढोली नीट बघ. ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी आत बसून तोंड लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते, नर तिथून फळं भरवतो. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत हे चालतं, म्हणून जानेवारीअखेर तोड आटोप. बुंध्याशी बियांचा खच आणि त्यातून उगवलेली रोपं दिसली, तर घरटं आहे असं समज.

काजूची कलमं हवीतच तर घरालगतच्या पडीक तुकड्यात लावा. त्यासाठी उभं रान साफ करणं मला मुळीच पटत नाही.

ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ‘कागदपत्रांचं आम्ही बघतो’ म्हणत ठेकेदार कोऱ्या कागदावर सही मागेल, देऊ नकोस. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती आधी घे. इतर हक्कांत ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल तर सौद्याचं बोलण्याआधी मला कळव.

दिवाळीनंतर मी येतो. झाडांवर खुणा करायला चुना भिजवून ठेव, काकांनाही बरोबर घेऊ. हद्दीचे दगड त्यांना ठाऊक आहेत.