खारपाणपट्ट्यात निघण्यापूर्वी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आधी जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं तंत्र) शिकू की स्टॅटिस्टिक्स, असं तू विचारलंस. दोन्ही लागतात, आणि ती ऑफिसात बसून कधीही शिकता येतात. आधी माती तपासायचा खड्डा नीट खणून घ्यायला शीक.

पहिलाच प्रकल्प पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारवट जमीन-पाण्याच्या भागात मिळाला, हे तुझं नशीब समज. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या जमिनी वरवर आपल्या नेहमीच्या काळ्या जमिनींसारख्याच दिसतात. ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) वरचे पंधरा-वीस सेंटिमीटर काढून पिशवी भरलीस, तर फरक कळणारसुद्धा नाही. दीड मीटर खोल उतर. टिकावाच्या घावांनी भिंत चोपडी होते, ती सुरीच्या टोकाने टोकरून मोकळी कर. अर्ध्या मीटरच्या खाली तिरपे, चकचकीत पृष्ठ दिसतील. पावसाळ्यात फुगलेली चिकणमाती स्वतःवरच घासून सरकते, त्याच्या त्या खुणा. मग वरपासून खालपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत जा. कुठे नुसती चुरचुर होईल, कुठे फसाफस फेस येईल; तो फेस म्हणजे चुनखडीची खूण. टेप लावून खोलीप्रमाणे लिहून ठेव. एवढं केलंस की त्या जमिनीचं दुखणं बरंचसं हाती लागतं.

कमी पावसात, निचरा नसताना, मातीतल्या पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं. मागे सोडियमचं प्रमाण वाढतं, चिकणमातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात. पाणी वर तुंबून राहतं, खाली मुळांशी कोरडं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोतल्या मंडळींनी यावर फार मोलाचं काम केलंय, ते आधी वाच.

आता तुझ्या प्रकल्पाकडे येतो, कारण तिथेच मला काळजी आहे. हल्ली ज्याला त्याला मातीतला कर्ब (कार्बन) मोजून हवाय. नमुना जाळून कर्ब काढणारं यंत्र एकूण कर्ब देतं, चुनखडीतलासुद्धा. तो वजा न करता आकडा छापला, तर मरणपंथाला लागलेली जमीन अहवालात कर्बसंपन्न ठरते! हे थट्टेत सांगत नाही. या पट्ट्यात चुनखडी वाढणं ही जमीन बिघडत चालल्याची खूण आहे, तिला ‘कर्ब साठवला’ म्हणून मिरवणाऱ्या कागदावर सही करू नकोस. डायक्रोमेट या क्रोमियमच्या रसायनाने सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला) मोजणारी वॉकली-ब्लॅक पद्धत चुनखडी मोजत नाही, पण क्षार जास्त असतील तर क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि सेंद्रिय कर्ब फुगून दिसतो. त्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात. तुमच्या प्रयोगशाळेत घालतात का, ते विचार. आणि उरलेलं क्रोमियमचं पाणी कुठे ओततात तेही बघ. पर्यावरणावर शोधनिबंध लिहायचे आणि क्रोमियम बेसिनमध्ये सोडायचं, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

हेक्टरी कर्ब काढताना टक्केवारीला खोलीने आणि मातीच्या घनतेने गुणतात. त्या घनतेचं एक उदाहरण देतो. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्के, खोली 30 सेंटिमीटर, घनता 1.4 (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) धरली, तर हेक्टरी 21 टन कर्ब येतो. तीच घनता 1.2 धरली की 18 टन. मातीत काहीही न बदलता तीन टनांचा फरक! काळी जमीन ओली असताना फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे घनता कोणत्या ओलाव्याला मोजली हे सोबत लिहिल्याशिवाय ती संख्या कुणाला देऊ नकोस. पुस्तकातली घनता उचलून तर अजिबात नको. मार्गदर्शक घाई करतील, निधीची मुदत दाखवतील. दोन खड्डे कमी घे, पण प्रत्येक थराची घनता मोज.

शेतकऱ्याशी बोलताना ‘सोडियमचं प्रमाण’ वगैरे काढू नकोस. ‘भाऊ, वाफसा सगळ्यात उशिरा कुठे येतो? हरभरा कुठे विरळ उगवतो?’ एवढंच विचार. तो बोटाने दाखवील तिथे एक खड्डा घे, आणि पीक बरं येतं तिथे दुसरा. नकाशावर समान अंतराने ठिपके टाकून नमुने घेण्याची पद्धत आपल्या जागी ठीक आहे, ते ठिपकेही घेच. पण दुखणं कळतं ते या दोन खड्ड्यांच्या फरकातून.

निकाल घेऊन परत गेलीस की तो विचारणारच, ‘मॅडम, जिप्सम किती टाकू?’ एकरी आकडा सांगून मोकळी होऊ नकोस. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून ढकलतं खरं, पण सुटलेलं सोडियम वाहून जायला चर हवा आणि धुऊन काढायला गोडं पाणी. तिथल्या विहिरींचं पाणी बहुतेक खारंच, तेव्हा भिस्त पावसाच्या पाण्यावर. म्हणून जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर टाकायचं, आणि त्याआधी शेताचा उतार बघून पाणी कुठे काढून देता येईल ते त्याच्यासोबत बांधावरून चालत ठरवायचं. शेजाऱ्याच्या शेतात सोडायचं नाही, नाहीतर तुझ्या अहवालापेक्षा ते भांडणच जास्त दिवस चालेल.

कळावे.