चित्र जिंकलंत, पण ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) काय लिहिताय?

धुळ्याचे भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांना घेऊन हवाई दलातल्या जुन्या मंडळींच्या रियुनियनला गेलात, तिथल्या लिलावात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग शेखोंच्या नॅट या लढाऊ विमानाचं कॅनव्हास घेतलंत, अभिनंदन. पण "कमिटीवाले बंगळुरूहून ट्रान्सपोर्टने पाठवतो म्हणतात, किंमत कमी दाखवली तर चालेल का" हे वाचलं आणि पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं.

मी हवाई दलातला निवृत्त एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर, मुक्काम अमळनेर. माझं चित्र मिग-21 चं, ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट सोडतानाचं. तारीख 14 डिसेंबर 1971. म्हणजे तुमचे शेखों श्रीनगरवर सहा पाकिस्तानी सेबर विमानांच्या अंगावर गेले तोच दिवस. जेवणाआधीचे दोन पेग, शेजारी जुना सार्जंट बोली चढवतोय, आणि मी ठरवलेल्या आकड्याच्या दुप्पट बोलून बसलो. त्याचं दुःख नाही, पैसे वीरपत्नींच्या फंडात गेले.

दुःख पुढचं आहे. बुकिंग क्लार्क म्हणाला, "काका, पेंटिंग लिहिलं तर किंमत लावा, इन्शुरन्स लावा. घरगुती सामान लिहू, किंमत पाचशे रुपये." वाचले किती? एका जेवणाचे पैसे. मी हो म्हणालो आणि खाली सहीही ठोकली. आयुष्यभर विमानाच्या फॉर्मवर न वाचता सही केली नाही, आणि इथे केली.

पॅकिंग करणाऱ्या पोराने रंगावर थेट बबल रॅप गुंडाळला. मग पार्सल आमच्या भागातल्या गोडाऊनला चार दिवस पत्र्याखाली पडून. मे महिना, तुम्हाला सांगायला नको. फोन केला की "गाडी आली नाही". रावेरचा शेतकरी केळीचा घडसुद्धा असा उन्हात टाकत नाही. ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ होतो, प्लास्टिक त्याला चिकटतं. घरी उघडलं तर ढाक्याच्या आभाळात ओळीने गोल गोल फोड. आई म्हणाली, "हाई काय शे?" शेजारचा पोरगा म्हणाला, तोफेचे गोळे फुटतायत का आजोबा.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये, आणि तिसऱ्यांदा साहेबांनी बिल्टी माझ्याकडे सरकवली: घरगुती सामान, 500 रुपये, मालाची जोखीम मालकाची. ओळखीच्या वकिलांना ग्राहक मंचाबद्दल विचारलं. ते म्हणाले, दाखवणार काय? तुमच्याच सहीचा कागद तुमच्या विरुद्ध. लिलावाची पावती होती, पण तिच्यावर नुसतं "देणगी"! चित्राचं नाव नाही, चित्रकार नाही, माप नाही. त्यामुळे तुम्ही आजच कमिटीला फोन करून हे सगळं लिहिलेली पावती मागा, समोरून-मागून फोटो काढून ठेवा. (देणगीच्या पावतीवर 80जी ची आयकर सवलत मिळेल का ते सीएला विचारा. रोख दोन हजारांच्या वर दिली असेल तर ती सवलत नसते एवढं पक्कं, बाकी मी सीए नाही.)

माझं मत विचाराल तर ट्रान्सपोर्ट सोडाच. स्वतः जा, कर्नाटक एक्सप्रेसच्या एसी डब्यात बसा, मनमाडला उतरा. चौकट काढून कॅनव्हास गुंडाळायचं तर रंगाची बाजू बाहेर. लोक रंग जपायचा म्हणून आत घेतात, मग रंग दाबला जाऊन सुरकुततो. नळी जितकी जाड तितकी बरी, मधे बटर पेपर, प्लास्टिक सगळ्यात बाहेर. रंगाचा थर जाड असेल तर मात्र गुंडाळू नका, सपाट आणा. मी चित्रकार नाही, भोगलंय तेवढं सांगतोय.

घरी पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, संध्याकाळी ती तव्यासारखी तापते. आणि कूलरसमोर तर अजिबात नाही. माझं कॅनव्हास पहिल्याच उन्हाळ्यात ओल्या चादरीसारखं सैल पडलं, मागच्या पाचरी ठोकून ताणावं लागलं.

एक आगाऊ सूचना: वडिलांचे मित्र चित्र बघायला येतील तेव्हा चहा जास्त टाका. माझ्या मिगच्या पोटाखाली गनपॉड (तोफेची पेटी) आणि पंखाखाली रॉकेट पॉड (रॉकेटची पेटी), दोन्ही दाखवलेत. त्या दिवशी नक्की काय लावलं होतं यावर दोन म्हातारे तासभर भांडले. तुमच्याकडे नॅटच्या शेपटीवरच्या नंबरवरून होईल.

फोड अजून तसेच आहेत. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलेला खर्च बोलीच्या निम्मा होता, म्हणून सोडून दिलं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला तेव्हा टीव्ही त्याच भिंतीखाली होता, आणि मी अर्धा वेळ वरच बघत होतो.

वडील हवाई दलात कुठल्या ट्रेडचे, म्हणजे कुठल्या कामावर होते? नॅटवर असतील तर त्यांना माझा जय हिंद सांगा. आणि कमिटीने बुकिंग केलं नसेल तर आजच थांबवा.