तक्ता शेवटच्या सत्रापासून भर

पत्र: अर्थशास्त्राच्या पदवीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. सिद्धान्ताच्या पेपरांत चांगले गुण आहेत, पण गणिताची शाळेपासून धास्ती आहे. उरलेल्या चार सत्रांचे विषय आता निवडून द्यायचे आहेत. मैत्रिणी म्हणतात, सोपे विषय आधी घेऊन सरासरी वर ने, गणित आणि संख्याशास्त्र पाचव्या सत्रात उरकून टाक. मला आर्थिक इतिहास मनापासून आवडतो, पण घरचे म्हणतात त्याला स्कोप नाही. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं की नोकरी करायची, ते ठरलेलं नाही. प्रोग्रॅमिंगचा बाहेरचा कोर्स लावू का? सोबत माझा कच्चा तक्ता पाठवत आहे. (एक विद्यार्थिनी)

तक्ता पाठवलास ते फार बरं केलंस. नुसतं 'काय घेऊ?' असं विचारलं असतंस तर मलाही मोघमच लिहावं लागलं असतं. आता नेमकं कुठे अडेल ते दाखवता येईल.

तुझ्या तक्त्यात तिसऱ्या सत्रात तीन वाचनाचे विषय आहेत आणि सोबत सक्तीचा प्रगत सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर आहे. गणितीय पद्धती, संख्याशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्स (म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र) हे तिन्ही पाचव्या सत्रात आहेत आणि सहाव्यात प्रकल्प. तू तक्ता पुढून मागे भरलास: आत्ता काय झेपेल ते आधी आणि जे नको वाटतं ते नंतर. माझं सांगणं एवढंच आहे की तो मागून पुढे भर. सहाव्या सत्रात, प्रकल्प लिहायला बसशील तेव्हा, तुला काय करता यायला हवं ते आधी ठरव आणि तिथून एकेक पायरी मागे ये.

प्रकल्पात स्वतःचा एक प्रश्न घेऊन आकडेवारीच्या आधारे उत्तर द्यायचं असेल, तर त्याआधी इकॉनॉमेट्रिक्स झालेलं हवं, म्हणजे ते पाचव्या सत्रात. रिग्रेशनचा गुणांक, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते सांगणारा आकडा, हा एक अंदाज असतो आणि प्रत्येक अंदाजाला अनिश्चितता चिकटलेली असते. ती कळायला नमुना, वितरण, परिकल्पना चाचणी (आकडे एखाद्या दाव्याशी जुळतात का ते तपासणं) हे सगळं आधी अंगवळणी पडलेलं हवं. म्हणून संभाव्यता आणि संख्याशास्त्र तिसऱ्या सत्रात सुरू होऊन चौथ्यात संपायला हवं. संभाव्यतेच्या दुसऱ्या भागात इंटिग्रेशन लागतं, आणि सूक्ष्म अर्थशास्त्राच्या सक्तीच्या पेपरात एकाहून अधिक चलांचं अवकलन (डिफरन्सिएशन) लागतं. म्हणजे कॅल्क्युलसही तिसऱ्या सत्रातच. एवढ्या पायऱ्या मागे आल्यावर पाचव्या सत्रात 'उरकण्यासाठी' यातलं काहीच उरत नाही.

हे मी आग्रहानं सांगतेय त्यामागे माझा अनुभव आहे. पदवीच्या वेळी मीही संख्याशास्त्र शेवटच्या वर्षावर ढकललं होतं. ते आणि इकॉनॉमेट्रिक्स एकाच सत्रात आले. सकाळी मध्यमान आणि विचलन शिकायचे आणि दुपारी त्यावर उभी असलेली टी-चाचणी, म्हणजे दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा ते तपासायची रीत. पायऱ्या पाठ करून पेपर दिला, गुणही बरे पडले. मग तोंडी परीक्षा आली. दोन गटांच्या सरासरी मिळकतीतला फरक माझ्या प्रकल्पात मोठ्या टायपात छापला होता. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, 'हा फरक योगायोगानं पडला नाही, हे कशावरून?' मला उत्तर देता आलं नाही. चाचणी मी केलेली होती, तिचा आकडा त्याच पानावर खाली होता, पण तो या प्रश्नाचंच उत्तर आहे हे मला माहीत नव्हतं.

आता गणिताच्या धास्तीकडे येऊ. पहिल्या वर्षी तू समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांचे) काढलेस, अर्थसंकल्प रेषा (हातातल्या पैशात काय काय बसतं ती) काढलीस आणि ती वक्राला जिथे स्पर्श करते तिथे 'समतोल' असं लिहून पुढे गेलीस. पुढच्या सत्रात तीच गोष्ट अशी येईल: समाधान म्हणजे दोन वस्तूंच्या नगांचा गुणाकार, x गुणिले y. हाताशी उत्पन्न १००, पहिल्या वस्तूची किंमत २, दुसरीची ५. स्पर्शबिंदूचा अर्थ एवढाच की खर्च केलेल्या शेवटच्या एका रुपयातून मिळणारं जादा समाधान दोन्हीकडे सारखं. पहिल्या वस्तूची सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एका नगातून मिळणारं जादा समाधान, y आहे, दुसरीची x. म्हणजे y भागिले २ बरोबर x भागिले ५. हे समीकरण आणि खर्चाची मर्यादा एकत्र सोडव: पहिल्या वस्तूचे २५ नग, दुसरीचे १०. दोन्हींवर पन्नास-पन्नास.

इथेच थांबू नकोस. पहिल्या वस्तूची किंमत २ वरून ४ कर आणि पुन्हा सोडव. नग साडेबारा येतात, खर्च पन्नासच राहतो. आता किंमत आकड्याऐवजी p ठेव, आणि मागणी ५० भागिले p अशी बाहेर पडते. पहिल्या वर्षी ज्या मागणीच्या नियमावर तू चार पानी उत्तर लिहिलंस, तो इथे तुझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत तयार झाला. मागणीची लवचिकता (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते) सर्वत्र एक का येते, तेही त्याच ओळीत दिसतं. तुला जे गणित लागणार आहे ते बरंचसं या जातीचं आहे: थोडे नियम, पुष्कळ सराव, आणि प्रत्येक पायरीला एक आर्थिक अर्थ. शाळेत ज्याची भीती बसली त्या गणिताला हा अर्थ जोडलेला नव्हता.

सरावाबद्दल मात्र मी कडक आहे. सुटीत रोज एक तास कोऱ्या कागदावर अवकलनाची उदाहरणं सोडव. उत्तर जवळ असलं तरी वीस मिनिटं अडून राहा, मगच बघ. उत्तर वाचून 'कळलं' असं वाटतं ते फसवं असतं. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवता आलं, तर कळलं असं समज. चुकांची एक वेगळी वही ठेव. तीन आठवड्यांत दिसेल की तू त्याच चार-पाच जागी चुकतेस, आणि चार-पाच जागा दुरुस्त करणं तुझ्या आवाक्यातलं आहे.

एका सत्रात गणिती विषय दोनच घे. त्यांच्या जोडीला एक वाचनाचा आणि एक लेखनाचा विषय असू दे, म्हणजे सगळ्या गृहपाठांचा मारा एकाच आठवड्यात होत नाही आणि डोक्यालाही पालट मिळतो. लिनियर अल्जेब्रा चौथ्या सत्रात बसलं तर बसव, इकॉनॉमेट्रिक्स फार हलकं होतं. रिअल अॅनालिसिसची, म्हणजे कॅल्क्युलसच्या काटेकोर सिद्धतांच्या विषयाची, घाई नको. पीएचडीच्या दिशेनं मन वळलं तर तो विषय लागेल, आणि ते तुला चौथ्या सत्राच्या शेवटी बरंच कळलेलं असेल.

आता सरासरी. मैत्रिणींच्या सांगण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गुण लागतात. पण पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी गुणपत्रक वाचणारे स्वतः शिक्षक असतात आणि कोणत्या विषयांत गुण मिळवलेत हे त्यांना एका नजरेत दिसतं. सोप्या विषयांनी उंचावलेली आणि संख्याशास्त्राशी येऊन कोसळलेली सरासरी त्यांच्या लगेच लक्षात येते. शिवाय तुझ्या तक्त्याप्रमाणे तीन अवघड विषय एकाच सत्रात आले, तर सरासरी सगळ्यात जास्त तिथेच पडणार. मग गुण वाचवायला आखलेल्या तक्त्यानंच गुण जातील.

संख्याशास्त्र आधी झालेलं असलं की काय हाती लागतं, ते एका प्रसिद्ध अभ्यासातून दाखवते. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सीतल्या आणि सीमेपलीकडच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटांकडून वाढीच्या आधी आणि नंतर माहिती घेतली. वेतन वाढलं की नोकऱ्या घटतात, हे तू पहिल्या वर्षी आकृती काढून लिहिलं आहेस. अर्धवेळ कामगार अर्धा धरून मोजलं, तर न्यू जर्सीत दर रेस्टॉरंटमागे सरासरी २०.४४ कामगार होते, वाढीनंतर २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होते, ते २१.१७ वर आले. न्यू जर्सीतला बदल अधिक ०.५९, पेनसिल्व्हेनियातला उणे २.१६. दोन बदलांमधला फरक सुमारे २.७५, आणि तोही अधिक. नोकऱ्या घटल्याचं दिसलंच नाही.

ही वजाबाकी शाळकरी मूलही करील. मग अवघड काय? पहिली गोष्ट विचारांची आहे: वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही पेनसिल्व्हेनियासारखंच घडलं असतं, हे आपण का मानायचं? दुसरी संख्याशास्त्राची आहे. त्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना वेगळा पडला असता तर आकडा साधारण किती हलला असता त्याचं माप, १.३६ च्या आसपास होती, म्हणजे फरक त्रुटीच्या जेमतेम दुप्पट. 'योगायोग नाही कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर या एका भागाकारात दडलेलं आहे, आणि ते फार ठणठणीत उत्तर नाही, हेही त्यातच दिसतं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी पगाराच्या नोंदी वापरून हा निष्कर्ष खोडायचा प्रयत्न केला आणि वाद बरीच वर्षं चालला. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला, क्रूगर २०१९ मध्येच गेले होते. असा वाद बाजूला उभं राहून ऐकायचा की त्यात कोणाचं कुठे चुकतंय ते स्वतः तपासायचं, हे तू संख्याशास्त्र कोणत्या सत्रात घेतेस यावर बरंच अवलंबून आहे.

प्रोग्रॅमिंगचं थोडक्यात सांगते. बाहेरचा महागडा कोर्स लावू नकोस. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, दोन्ही फुकट मिळतात. त्यातलं एक निवड आणि संख्याशास्त्राच्या गृहपाठासोबतच शिक, म्हणजे जे हातानं सोडवलंस तेच लगेच त्यात करून बघ. चौथं सत्र संपेपर्यंत छापून आलेल्या एखाद्या शोधनिबंधातला एक तक्ता मूळ आकडेवारीवरून जसाच्या तसा काढून दाखवता आला, तर नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला तुझ्याकडे प्रमाणपत्रापेक्षा भक्कम काहीतरी असेल.

आर्थिक इतिहासाबद्दल घरच्यांना माझ्या वतीनं सांग की तो विषय मी काढू देणार नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुख्यतः इतिहासाच्या दप्तरांत बसून केलेल्या कामाला. अमेरिकेच्या जुन्या जनगणनांत विवाहित बाईच्या नावापुढे व्यवसाय म्हणून पुष्कळदा नुसतं 'पत्नी' असं लिहिलेलं असे. ती शेतात किंवा घरच्या धंद्यात दिवसभर राबत असली तरी तिचं काम मोजलं जात नसे. गोल्डिन यांनी वेगवेगळ्या नोंदी शोधून ते आकडे दुरुस्त केले, तेव्हा उद्योगीकरण वाढत गेलं तशी विवाहित स्त्रियांची कामातली हजेरी आधी घटली आणि विसाव्या शतकात सेवाक्षेत्र वाढल्यावर पुन्हा चढली, असा इंग्रजी यू अक्षरासारखा वक्र पुढे आला. नोंदीवर विश्वास ठेवण्याआधी ती कोणी, कशासाठी, कोणाला वगळून केली हे विचारायची सवय इतिहासाच्या वर्गात लागते. तुला ती गोडी आधीपासून आहे, हे तुझं भांडवल आहे. मात्र तो विषय पाचव्या सत्रात घे, इकॉनॉमेट्रिक्सच्या शेजारी. तिसऱ्या सत्रात घेतलास तर वाचून आनंद होईल, पाचव्यात घेतलास तर त्यातूनच प्रकल्पाचा प्रश्न निघेल. इतर ऐच्छिक विषयही असेच निवड: श्रमाचं अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त, विकास, ज्यातला प्रश्न तुला झोपताना आठवतो तो.

नोकरी की पुढचं शिक्षण, हे आत्ता ठरलं नाही तरी चालेल. पुढची दोन सत्रं दोन्ही वाटांना सारखीच आहेत. पाचव्या सत्राच्या तोंडाशी वाटा फुटतील, तेव्हा पुन्हा लिही.

तुझ्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेत प्रत्येक विषयाखाली आधी कोणता विषय झालेला हवा ते दिलेलं असेल. ती ओळ प्रत्येक विषयाची वाच. बऱ्याच मुली तेवढीच वाचत नाहीत. एखादा विषय दोन वर्षांतून एकदाच शिकवला जातो का, हे विभागाच्या कार्यालयात विचारून घे, नाहीतर नेटका तक्ता ऐन वेळी कोलमडतो. मग सहाव्या सत्रापासून मागे येत नवा तक्ता भर आणि मला पाठव. मी सगळ्यात आधी तिसऱ्या सत्राचा रकाना बघणार आहे. कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र तिथे शेजारी-शेजारी दिसले, की बाकीचं आपण फोनवरही बोलून ठरवू.