रोज जवळ बाळगायचे रिव्हॉल्व्हर

प्रश्न : माझा सराफीचा व्यवसाय असून रात्री ऐवज घेऊन घरी जावे लागते. मला नुकताच .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला आहे. कपड्यांखाली दिवसभर बाळगण्यासाठी कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे आणि काडतुसे कोणती वापरावीत? मित्रमंडळी वजनाने हलके म्हणून ‘निर्भीक’ सुचवतात.
– एक सराफ, लातूर

उत्तर : वजनापेक्षा चापाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने आणलेले ‘निर्भीक’ जेमतेम अर्ध्या किलोचे आहे आणि कमरेला त्याचा भार जाणवत नाही, हे खरे. परंतु संकटाच्या क्षणी घोडा (गोळीवर आघात करणारा मागचा खटका) अंगठ्याने मागे ओढून चाप हलका करून घेण्यास उसंत नसते, नुसता चाप दाबूनच गोळी सुटावी लागते, आणि तो चाप जड असेल तर हलके शस्त्र हातात डळमळते. म्हणून विक्रेत्याच्या परवानगीने, शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला नळी धरून चाप सावकाश दाबून पाहा. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरण्याची खूण) शेवटपर्यंत स्थिर राहिली, तर ते शस्त्र आपल्या हाताचे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर (काडतुसे भरायचा फिरता भाग) बाजूला उघडते, त्यामुळे ते रिकामे आहे की भरलेले हे तपासणे सोपे जाते, माझा कल त्याकडे आहे.

काडतुसे ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ याच जातीची हवीत. पिस्तुलाचे ‘.३२ एसीपी’ काडतूस आकड्याने सारखे असले तरी वेगळे आहे आणि ते रिव्हॉल्व्हरमध्ये कधीही घालू नये. पेटीवरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जहाल काडतुसांचा शोध घेण्यापेक्षा शिशाच्या गोल टोकाच्या साध्या गोळीवर अधिकृत रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) हात बसवणे हिताचे. अंगाजवळ राहून घामाने डागाळलेली काडतुसे वेळीच बदलावीत.

रिव्हॉल्व्हर चाप पूर्ण झाकणाऱ्या घट्ट होल्स्टरमध्येच (कमरेला बांधायच्या म्यानात) ठेवावे. किल्ल्या, नाणी असलेल्या खिशात मुळीच नको. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसारही सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्येच असावे लागते आणि ते परजणे निषिद्ध आहे. खरेदीपूर्वी परवान्यावरील काडतुसांची मर्यादा पाहा, कारण सरावासाठी घेतलेली काडतुसेही त्यातच मोजली जातात.