वाचकांचे प्रश्न : डिजिटल धोरणाच्या चर्चेत कोणाचे म्हणणे विचारात घेतले जाते?

प्रश्न : डिजिटल धोरणाच्या आंतरराष्ट्रीय चर्चांमध्ये ‘सर्व संबंधित घटकांचा सहभाग’ असा उल्लेख हमखास असतो. परंतु नियम शेवटी सरकारेच करतात. मग कंपन्या, तंत्रज्ञ आणि स्वयंसेवी संस्था यांना चर्चेला बोलावणे हा निव्वळ उपचार नव्हे काय?

उत्तर : शंका रास्त आहे आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. मात्र नियम सरकारेच करतात, हे इंटरनेटच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. संगणकांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण कशी करावी, याची अनेक मूलभूत मानके इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समधील तंत्रज्ञ ठरवतात. डोमेन नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, जागतिक व्यवस्था आयकॅन ही १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था सांभाळते, आणि त्या कामावरील अमेरिकी सरकारची देखरेखही १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आली. म्हणजे ज्यांना आपण निमंत्रित पाहुणे समजतो, त्यांतले काही जण मुळात घरचेच आहेत. २००५ साली ट्युनिस येथे भरलेल्या माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषदेत सरकारांनीही इंटरनेटच्या कारभारात खासगी क्षेत्राचा आणि नागरी समाजाचा वाटा मान्य केला. कोणाची भूमिका कुठे संपते, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

सहभाग केव्हा उपचार ठरतो आणि केव्हा नाही, हे डॉट ऑर्गच्या, म्हणजे ‘.org’ने संपणाऱ्या डोमेन नावांच्या विभागाच्या, प्रकरणात स्पष्ट दिसते. या विभागात एक कोटीहून अधिक नावे नोंदलेली आहेत आणि ना-नफा संस्थांची पसंती प्रामुख्याने याच विभागाला असते. आयकॅन आणि हा विभाग चालवणारी संस्था यांच्यातल्या करारानेच नावांच्या शुल्कवाढीवर मर्यादा घातलेली होती. २०१९ मध्ये ती काढून टाकण्याचा प्रस्ताव आयकॅनने सूचना व हरकतींसाठी खुला केला, तेव्हा तीन हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि त्यांतले बहुतेक सगळे विरोधी होते. तरीही जूनअखेरीस मर्यादा वगळून करार झाला. प्रक्रियेत कागदोपत्री खोट काढता आली नसती : मसुदा प्रसिद्ध झाला होता, मुदत दिली होती, अभिप्रायांचा गोषवाराही तयार झाला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने डॉट ऑर्ग चालवणारी आपली संस्था इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरना विकण्याचे ठरवले. ना-नफा संस्थांनी पुन्हा विरोध केला. या वेळी मात्र मालकीबदलाला आयकॅनची संमती करारानुसार आवश्यक होती. त्यामुळे व्यवहाराचा तपशील मागता आला, आणि सौद्यासाठी काढल्या जाणाऱ्या कर्जाचा बोजा अखेर कोणावर पडणार, हा प्रश्न उघडपणे चर्चेला आला. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे आयकॅन जिथे स्थापन झाली त्या राज्याच्या प्रमुख कायदा अधिकाऱ्यांनी, पत्र लिहून हा व्यवहार नाकारावा असे आयकॅनला कळवले, आणि ३० एप्रिल रोजी संमती नाकारण्यात आली.

नुसत्या लोकमताने सौदा अडला, असे सांगण्याचा मोह होतो. पण ते पूर्ण सत्य नाही. लोकमत दोन्ही वेळा प्रबळ होते. दुसऱ्या वेळी त्याच्या जोडीला करारातले एक कलम होते आणि संस्थेला जाब विचारू शकणारा एक अधिकारी होता. म्हणून एखाद्या प्रक्रियेत किती जणांना बोलावले, यापेक्षा आलेली सूचना फेटाळताना कारण देण्याचे बंधन कोणावर आहे, हे मी आधी पाहतो.

प्रश्न : हे सारे संयुक्त राष्ट्रांकडे सोपवले तर प्रत्येक देशाला एक मत मिळेल. ते अधिक न्याय्य नाही का?

उत्तर : लहान देशांच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य आहे. खुल्या म्हणवल्या जाणाऱ्या मंचांवर मोठ्या कंपन्या पगारी प्रतिनिधी वर्षानुवर्षे पाठवू शकतात. लहान देशाच्या दूरसंचार खात्याला तेवढेही परवडत नाही. परंतु देशाचे मत म्हणजे त्या देशातल्या पत्रकारांचे किंवा सुरक्षा संशोधकांचे मत नव्हे. सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी स्वीकारला. पुरावा एका देशातल्या सर्व्हरवर आणि आरोपी दुसऱ्या देशात, अशा गुन्ह्यांसाठी परस्पर सहकार्याची गरज निर्विवाद आहे. तथापि वाटाघाटींच्या काळात मानवाधिकार संघटना आणि तंत्रज्ञान कंपन्या, ज्यांचे एरवी क्वचितच पटते, त्या दोघांनीही मसुद्यावर आक्षेप घेतले : प्रणालीतल्या त्रुटी शोधणारा प्रामाणिक संशोधकच गुन्हेगार ठरू शकेल, अशी त्यांना भीती होती. त्यांना बोलण्याची संधी मिळाली; निर्णयाचा अधिकार मात्र सरकारांकडेच होता.

शिवाय सरकारांमध्येही एकमत गृहीत धरता येत नाही. दुबईत २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांच्या सुधारित करारावर ८९ देशांनी सह्या केल्या आणि ५५ देशांनी केल्या नाहीत.

प्रश्न : कोणत्याही संस्थेशी संबंध नसलेल्या व्यक्तीला यात भाग घेता येतो का?

उत्तर : होय. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सला औपचारिक सदस्यत्वच नाही. तिच्या ईमेल याद्यांवर कोणीही लिहू शकतो. तिथे मतदानाने निर्णय होत नाहीत. बैठकीत कल अजमावण्यासाठी अध्यक्ष उपस्थितांना एखाद्या पर्यायाच्या बाजूने गुणगुणायला सांगतात, आणि विरोधकांच्या आक्षेपाला तांत्रिक उत्तर मिळाले आहे की नाही, याला संख्येपेक्षा अधिक वजन असते. ही पद्धत नवख्याला विचित्र वाटते, परंतु तिथली अनेक मानके याच वाटेने आली आहेत. आयकॅनच्या प्रस्तावांवरही कोणालाही अभिप्राय देता येतो.

खरा अडसर भाषेचा आणि वेळेचा आहे. मसुदे बहुधा इंग्रजीत, लांबलचक आणि मागच्या दहा मसुद्यांचे संदर्भ देणारे असतात. त्यामुळे सगळ्या विषयांवर लिहिण्याऐवजी आपल्या कामाशी निगडित एकच मसुदा निवडावा, ज्या कलमावर आक्षेप आहे त्याचा क्रमांक द्यावा, त्याने प्रत्यक्षात काय बिघडेल हे दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि पर्यायी शब्दरचना आपणच लिहून द्यावी. मसुदा तयार करणाऱ्याला तयार वाक्य उचलणे सोपे जाते. निकाल लागल्यावर अभिप्रायांचा गोषवारा उघडून आपल्या मुद्द्याचे काय झाले तेही पाहावे. तिथे कारण दिलेले नसेल, तर पुढच्या फेरीत पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारावा.